विमा, वॉरंटी आणि अडकलेलं शटर

१

डबा उघडला आणि आत डमी निघाली.

डमी म्हणजे शोभेचा फोन. दिसायला हुबेहूब, वजनालाही खऱ्याइतकाच, पण आत नुसतं प्लॅस्टिक. दुकानात मांडून ठेवायला कंपनीच पाठवते. अर्ध्या तासापूर्वी काउंटरवरच्या ताईनं याच डब्यातून कोरा करकरीत फोन काढून, चालू करून, गिऱ्हाइकाला दाखवला होता. आता तिच्या तळहातावर डमी होती आणि काउंटरपलीकडचे साहेब तिच्याकडे असे बघत होते, जणू तिचा हात त्यांच्या खिशात सापडला होता.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले. "आमचा फोन कुठाय?"

त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. तिनं एकदा डमीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात तिला सगळे 'मोजणी' म्हणत, आणि ते नाव गमतीनं पडलेलं असलं तरी त्यामागची गोष्ट गमतीची नव्हती. मागच्या दुकानात एक फोन गेला होता. तिनं घेतला नव्हता. पण कुणी घेतला ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि न कळलेल्या चोरीचं खापर फोडायला काउंटरवरच्या माणसाचं डोकं सगळ्यात जवळ असतं. त्यानंतर वर्षभर तिला कुणी दारात उभं केलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती या दुकानात सगळं मोजायची. आल्यावर फोन मोजायचे, जेवून आल्यावर मोजायचे, निघताना मोजायचे. पुढे पुढे सवयच लागली. पंखे, खुर्च्या, रांगेतली माणसं, काही सुटायचं नाही.

आणि तरीही डब्यात डमी होती.

मॅनेजर डबा पालथा करून, आतली चार्जिंगची वायर झटकून मोकळे झाले. "मोजणी," ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हलका आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असे, "मी पोलिसांना फोन केलाय आणि शटरवाल्यालाही. शटर वर गेलं की पोलीस आत येणार. तोवर फोन मिळाला नाही तर नाव तुझंच द्यावं लागेल. डबा तुझ्या हातात होता."

"सर, मी नाही घेतला."

"मागच्या दुकानातही तू हेच म्हणाली होतीस ना?"

तिनं दाराकडे पाहिलं. दार नव्हतंच. तिथं वरपासून खालपर्यंत लोखंडी शटर होतं, आणि ते जागचं हलत नव्हतं. फोन गेला तेव्हापासून या दुकानातून एकही माणूस बाहेर पडला नव्हता.

म्हणजे फोन आत होता. आणि घेणाराही.

२

झालं होतं ते असं.

त्या शटरची मोटर महिनाभर कुरकुरत होती. मॅनेजर रोज म्हणायचे, "उद्या बघू." त्या दुपारी तीनच्या सुमारास शटरनं उद्याची वाट पाहिली नाही. धाडकन खाली आलं, मोटर जळली आणि तिच्यासोबत दुकानातली वीजही गेली. आणीबाणीचा दिवा होता, पण त्याची बॅटरी मॅनेजरांच्याच यादीत 'उद्या'खाली होती.

आत सहा माणसं अडकली. मॅनेजर. मोजणी. मागच्या काचेच्या खोलीत फोन दुरुस्त करणारा, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत. साहेब आणि त्यांची बायको. आणि एक उतारवयाच्या बाई, ज्या तासभरापासून खुर्चीत बसून एकाच प्रश्नावर अडून बसल्या होत्या, की नव्या फोनवर वॉरंटी वाढवून घ्यावी की विमा उतरवावा.

"म्हणजे आपोआप बिघडला तर वॉरंटी," त्या मोजणीला तिसऱ्यांदा विचारत होत्या, "आणि पडला, फुटला, भिजला, कुणी चोरून नेला तर विमा. असंच ना?"

"हो बाई. आणि विम्याला एक ॲप टाकावं लागतं. त्यात फोन कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या फोनवर सारखं दिसत राहतं. हरवला तर शोधायला बरं."

हे ऐकून साहेब पलीकडून म्हणाले होते, "आम्हाला तोच द्या. विमा." त्यांची बायको हळूच म्हणाली होती, "वॉरंटी पुरे की." साहेबांनी ते ऐकलंच नव्हतं, किंवा ऐकायची त्यांना सवय नव्हती.

शटर पडलं तेव्हा साहेबांच्या खरेदीतलं बहुतेक सगळं उरकलं होतं. नवा फोन दाखवून डब्यात ठेवलेला. रंग पसंत करायला काढलेली डमी तिथंच पडलेली. बायकोचा जुना फोन बदल्यात द्यायचा होता, तो मोजणीनं कंपनीच्या राखाडी पाकिटात घातला होता. त्यातलं सिमकार्ड बिलावर चिकटपट्टीनं लावलेलं. फक्त पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, कारण कंपनीचा नियम होता की बदल्यात दिलेल्या फोनचं पाकीट गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं चिकटवायचं. उद्या कुणी म्हणायला नको, की दुकानवाल्यांनी आतला फोन बदलला.

तेवढ्यात धाडकन आवाज आणि अंधार. सगळे शटरकडे धावले. कुणी ढकललं, कुणी लाथ मारली. साहेब शटरशी उभे राहून मागे ओरडले, "अगं, बसलीस काय? टॉर्च दाखव!" काउंटरच्या बाजूनं उजेड आला. पाच मिनिटांनी डॉक्टरनं फ्यूज बसवला आणि दिवे लागले. शटर मात्र गेलं ते गेलंच.

मोजणी काउंटरवर परतली तेव्हा पाकीट चिकटवून तयार होतं. "तुम्ही म्हणालात ना, आम्हीच चिकटवायचं म्हणून," साहेबांची बायको म्हणाली. मोजणीनं पाकिटाचा नंबर कंपनीच्या यंत्रावर चढवला. मग विम्यासाठी आरशासमोरचा फोटो काढायचा होता. नव्या फोनची काच धड आहे हे विमा कंपनीला पटवायला फोन आरशासमोर धरून त्याचा फोटो त्यानंच काढायचा असतो, त्यासाठी खांबाला एक आरसा लावलेला होता. म्हणून तिनं डबा उघडला.

पुढचं माहीतच आहे.

३

"फोन लावून बघा ना," डॉक्टर म्हणाला. "वाजेल तिथं आहे."

"सिम बिलावर आहे," मोजणी म्हणाली. "वाजेल कसा?"

मॅनेजरांनी झडती घ्यायची ठरवली. मोजणीचे खिसे, डॉक्टरचं टेबल, त्याचे सतरा खण. नोकरांचे स्वतःचे फोन सकाळीच कपाटात कुलूपबंद होतात, ते कुलूपही उघडून पाहिलं. साहेबांनी आपली बॅग काउंटरवर उपडी केली, म्हणाले, "लपवायला माझ्याकडे काही नाही." बायकोची पर्सही त्यांनीच पुढे केली, तिला न विचारता. मॅनेजरांनी आत हात घालून पाहिला.

"काय आहे?"

"रुमाल, किल्ल्या, एक जुना फुटका फोन. नवा नाही."

मोजणी हे सगळं बघत होती. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती, की शटर वर जाईल आणि खाकी कपड्यातला कुणीतरी तिला विचारेल, याआधी कुठे कामाला होतीस? ते उत्तर द्यायची वेळ आली की संपलं. एकदा आळ आलेली बाई गरीब बिचारी असते, दुसऱ्यांदा आलेली चोर. पंखे चालू होते, तरी हवा कुणीतरी दोरीनं बांधून ठेवल्यासारखी वाटत होती.

तेव्हा त्या उतारवयाच्या बाई खुर्चीतून उठल्या.

"मॅनेजरसाहेब, एक विचारू? त्या मागच्या काचेच्या खोलीत मला जरा बसू द्याल? आणि एकेकाला आत पाठवाल? मला काही माहिती विचारायची आहे."

"बाई, इथं चोरी झालीये."

"म्हणूनच. मी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. जळलेली दुकानं, बुडालेल्या गाड्या, स्वतःच्याच घरात स्वतः चोरी केलेली माणसं. माझ्या एका सहीसाठी लोक माझ्या दारात रडलेत." त्यांनी पर्स काखेत मारली. "शटरवाला यायचाय. तोवर तुम्ही दुसरं काय करणार आहात?"

मॅनेजरांनी काचेच्या खोलीचं दार उघडून दिलं.

"पण विचारणार काय?" साहेबांनी त्रासून म्हटलं.

"जे मला कळत नाहीये तेच," बाई म्हणाल्या. "वॉरंटी घेऊ की विमा?"

४

पहिले मॅनेजर आत गेले. मोजणीला बाईंनी कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं होतं. "तू माझी साक्षीदार. गप्प राहायचं."

"विमा घ्या," मॅनेजर म्हणाले. "फुटतोच फोन कधी ना कधी. वॉरंटीत फुटलेलं बसत नाही."

"तुमच्या फोनवर काय आहे?"

"काहीच नाही. घेऊ म्हणतोय." त्यांनी घाम पुसला. "उद्या."

मग डॉक्टर. तो टेबलावर अर्धवट उघडलेल्या फोनवर रुमाल टाकून बसला. त्याचं उत्तर सरळ होतं. "बाई, मी रोज फोनची पोटं फाडतो. आतला बिघाड महाग पडतो. बाहेरचा तुमच्या हातात असतो. हात थरथरत नसेल तर वॉरंटी, थरथरत असेल तर विमा."

"तुझ्या हातून नवा फोन किती मिनिटांत सुटा होईल?"

डॉक्टर हसायचा थांबला. "आठ. पण पाच मिनिटं तर मी फ्यूजपाशी होतो, कपाळाला दिवा बांधून. सगळ्यांनी पाहिलंय. माझा उजेड मीच होतो."

"तेही खरं," बाई म्हणाल्या.

साहेब आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "यात विचारायचं काय? विमाच. ॲपमुळे फोन कुठे आहे ते मला ऑफिसात बसून दिसतं. ही फार वेंधळी आहे हो. तीन वेळा काच फोडलीये. फोन केला तर कुठे आहे ते धड सांगत नाही, मागे नुसता गोंगाट."

"म्हणजे फोन तिचा, आणि दिसणार तुम्हाला."

"नवरा आहे मी तिचा."

"हो, ते कळलं मला," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांची बायको आली. पस्तिशीची असेल. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. बाईंनी तिला पाणी दिलं. पेला घेताना तिच्या उजव्या हाताची बोटं दिसली. नखांच्या कडेला जांभळे डाग होते, धुऊनही न गेलेले.

"काय ग, तुझं काय मत? वॉरंटी की विमा?"

"वॉरंटी."

"पण तू तर काच तीनदा फोडलीस म्हणे. वॉरंटीत काच बसत नाही."

"आता जपून वापरेन."

"दुपारची काय करतेस घरी?"

"झोपते."

"आणि बोटांना हे काय लागलंय?"

तिनं बोटं मुठीत घेतली. "शाई आहे." मग उठली. दारात थांबून तिनं मोजणीकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, आणि विचारलं, "ताई, पोलीस खरंच तुम्हालाच नेतील?"

"नेतील," मोजणी म्हणाली.

ती काहीतरी बोलणार होती. पण बाहेरून साहेबांनी हाक मारली आणि ती गेली.

त्याच वेळी शटरवर बाहेरून कुणीतरी धाडधाड हात मारला. शटरवाला आला होता. "पंधरा-वीस मिनिटं लागतील," तो बाहेरून ओरडला. "पोलीसमामा पण आलेत!"

५

"वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "पुष्कळ झाली. मला सांग पोरी, तू म्हणे सगळं मोजतेस. अंधारात काय मोजलंस?"

"अंधारात काय मोजणार?"

"उजेड."

मोजणीनं डोळे मिटले. ती शटरपाशी उभी होती, आणि भीती वाटली की मोजायचं या सवयीनं तिनं मोजलंही होतं. "चार," ती म्हणाली. "चार उजेड होते."

"कुणाचे?"

"मॅनेजरसरांचा फोन. डॉक्टरचा कपाळावरचा दिवा. साहेबांचा फोन. आणि..." ती थांबली. "माझा फोन कपाटात होता. तुमचा?"

"माझा मेलाय, म्हणून तर नवा घ्यायला आले. बटणांचा होता, बिचारा."

"मग चौथा काउंटरकडून आला. साहेब ओरडले, टॉर्च दाखव म्हणून. आणि तिनं दाखवली. पण तिचा फोन तर मी पाकिटात घातला होता."

"मॅनेजरना पर्समध्ये काय सापडलं होतं?"

"जुना फुटका फोन!" मोजणीनं कपाळावर हात मारला. "तो पाकिटात हवा होता. सगळे नवा शोधत होते, म्हणून जुन्याकडे कुणी बघितलंच नाही."

"नवा शोधणाऱ्याला जुना दिसत नाही. मी दाव्यांत हेच पाहिलंय." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आता माझं ऐक. जुना फोन बाहेर आहे आणि पाकीट चिकटवलेलं आहे. मग पाकिटात काय आहे?"

"नवा फोन."

"सगळी झडती झाली, पाकीट कुणी फोडलं नाही, कारण चिकटवलेलं पाकीट दुकानानं उघडायचं नाही. अंधारात तिनं डब्यातला नवा फोन पाकिटात घातला, पाकिटातला जुना पर्समध्ये, आणि समोरची डमी डब्यात, वजन भरावं म्हणून. दोन मिनिटांचं काम. मग नवऱ्यानं हुकूम सोडला आणि तिनं सवयीनं हातातला दिवा लावला. इतकी वर्षं हुकूम पाळणाऱ्या हातानंच तिला उघडं पाडलं. आणि नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही, की हिच्या हातात आता फोन असायलाच नको."

"पण चोरायचा होता तर पर्समध्ये टाकायचा. पाकीट तर कंपनीकडे जातं. तिला तो परत मिळालाच नसता."

"बरोबर. म्हणजे तिला फोन नको होता. वेळ हवा होता. जिनं तीन काचा फोडल्या ती वॉरंटी मागते, जी तिच्या काहीच कामाची नाही. का? कारण वॉरंटीला ॲप नसतं. माणसाला काय मिळवायचंय हे मी कधीच विचारलं नाही, पोरी. तो कशापासून पळतोय तेवढंच बघितलं. दावा तिथंच सुटतो."

बाहेर लोखंड कापायचा आवाज सुरू झाला.

"चला, सांगू या सरांना," मोजणी दाराकडे वळली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. नाव वाचलं होतं!

"थांब," बाई म्हणाल्या. "आधी तिला बोलव. पाणी प्यायला म्हणून."

६

साहेबांची बायको आत आली आणि बाईंनी सगळं हळू आवाजात तिच्यापुढे मांडलं. तिनं एका शब्दानं नाकारलं नाही. भिंतीला टेकली आणि तोंडावर हात धरून रडली, आवाज न करता. तिला तसं रडायची सवय दिसत होती.

"रक्त तपासायचं शिकतेय मी," ती म्हणाली. "दुपारी दोन ते चार. त्यांना माहीत नाही. काचपट्टीवरचा रंग नखांतून जात नाही. ते ऑफिसातून फोन करतात, मी सांगते घरीच आहे, बाहेर गोंगाट आहे. त्या फुटक्या फोनमध्ये ॲप बसायला जागाच नव्हती, म्हणून आठ महिने निभावलं. बुधवारी परीक्षा आहे. चार दिवस! या मॉडेलचा दुसरा फोन दुकानात नाही असं ताई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, सापडला नाही तर खरेदी रद्द होईल, आणि तो कंपनीकडून आपोआप परत येईल. मी चोर नाही हो."

"आणि परीक्षा झाली की?" बाईंनी विचारलं.

"कागद हातात आला की सांगणार होते. हातात काही नसताना सांगितलं तर ऐकून कोण घेणार?"

"फोन घरी ठेवून जायचं," मोजणी म्हणाली. तिला राग येत होता. "माझ्या गळ्याला फास कशाला?"

"दर तासाला फोन करतात, ताई. उचलला नाही तर घरी येतात." तिनं डोळे पुसले. "तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंधार झाला आणि हात चालले. मी सांगते त्यांना. आत्ताच सांगते, मी घेतला म्हणून."

ती खरंच निघाली. बाईंनी तिला अडवलं नाही. त्यांनी मोजणीकडे पाहिलं.

"माझं काम संपलं," त्या म्हणाल्या. "कुणी केलं ते मी सांगू शकते. काय करायचं ते नाही. ती सांगेल तर तू सुटलीस, आणि तिचं शटर कायमचं खाली. नाव तुझं जाणार होतं, तेव्हा ठरवायचंही तूच."

मोजणीला बाईंचा राग आला. तीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल लावले आणि आज ऐन वेळी हात झटकले! मग तिला आपली काम शोधण्याची ती वर्षभराची वणवण आठवली. आणि त्या वर्षात एकाही माणसानं, अगदी एकानंही, आपल्यासाठी खोटं सोडा, खरंही बोलून दाखवलं नव्हतं, हेही आठवलं.

तिनं साहेबांच्या बायकोचा दंड धरला. "गप्प बसायचं," ती म्हणाली. "काही झालं तरी."

७

शटर कमरेइतकं वर गेलं आणि पहिला वाकून आत आला तो पोलीस. मागून ऊन आलं.

"कुणाची तक्रार?" त्यानं विचारलं.

"माझी," साहेब म्हणाले.

"तक्रार नाही," मोजणी म्हणाली. "चूक आहे. फोन सापडलाय."

सगळे तिच्याकडे वळले. तिनं राखाडी पाकीट उचलून काउंटरवर ठेवलं. "नवा फोन यात आहे. शटर पडायच्या आधी घाईत मीच जुन्याऐवजी नवा पाकिटात घातला. आणि रंग दाखवायला काढलेली डमी डब्यात भरली. जुना फोन काउंटरवर राहिला, तो मॅडमनी आपला म्हणून पर्समध्ये टाकला. पाकीट चिकटवताना त्यांना आत काय आहे ते कसं कळणार?"

मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिले. "तू? दिवसातून तीनदा फोन मोजणारी तू? खऱ्या फोनच्या जागी डमी भरलीस?"

"हो, सर."

चोरीचा आळ वाईटच, पण ज्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता तीच तिनं आपल्या हातानं मातीत घातली होती.

डॉक्टरनं कात्रीनं पाकीट कापलं. आत नवा फोन होता, ओरखडाही नसलेला. पोलीस म्हणाला, "मग आम्हाला कशाला बोलावलंत?" आणि आला तसा वाकून गेला.

साहेबांनी हात पुढे केला. "द्या इकडे. आणि ते विम्याचं उरका."

"तसं देता येत नाही," मोजणी म्हणाली. आता तिचा आवाज स्थिर होता. "या पाकिटाचा नंबर कंपनीकडे चढलाय. चढलेलं पाकीट फोडलं की आतला फोन तपासणीला जातो. आठ दिवस. तो परत येईपर्यंत विमा उतरवता येत नाही, आणि या मॉडेलचा दुसरा दुकानात नाही."

"सर?" साहेब मॅनेजरांकडे वळले.

मॅनेजरांना ते आवडलं नाही, पण नियम त्यांना पाठ होता. "खरंय. आठ दिवस."

"मग तोवर हिनं काय वापरायचं?"

"जुना आहे ना," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "इतके दिवस चाललं, अजून आठ दिवस चालेल."

मॅनेजरांनी चूक नोंदवायचा अहवाल काढला. एका पानाचा कागद, वर तारीख, खाली दोन रकाने. काय घडलं. चूक कुणाची. "सही कर," ते म्हणाले. "हे कंपनीकडे जाईल. पुढच्या महिन्यापासून तू काउंटरवर नाहीस, मागे गोदामात. याहून जास्त मी वाचवू शकत नाही."

मोजणीनं पेन घेतलं. मागच्या दुकानात तिनं कशावरच सही केली नव्हती, ओरडून ओरडून सांगितलं होतं की मी नाही केलं, आणि तरी तिला चोर ठरवलं होतं. आज तिनं न केलेल्या चुकीपुढे स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तिला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंही. पण आपलं नाव कुठे लिहायचं हे पहिल्यांदाच तिनं स्वतः ठरवलं होतं.

साहेबांनी बिल उचललं. सिमकार्डाची चिकटपट्टी ओढून काढली आणि बायकोच्या हातात कोंबली. "असल्या बेअक्कल बायकांना कामावर ठेवतात कसे, देव जाणे," ते दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "साधा फोन कुठला आणि खेळणं कुठलं हे कळत नाही."

मोजणी कागदावरून नजर न उचलता उभी राहिली. ऐकून घ्यायचं तिनं ठरवलंच होतं.

"त्यांना बेअक्कल म्हणू नका," बायको म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण साहेब गर्रकन वळले. ते तिच्याकडे बघत राहिले, तोंड थोडं उघडं ठेवून.

"काय म्हणालीस?"

"माझ्यासमोर तरी म्हणू नका."

तिनं सिमकार्ड मुठीत घट्ट धरलं, अर्ध्या वर गेलेल्या शटरखालून वाकली आणि त्यांच्या आधी बाहेर पडली. साहेब क्षणभर तिथंच उभे राहिले, कुणीतरी काही सांगेल म्हणून वाट बघत. मग तेही वाकले आणि तिच्या मागून गेले.